विहिरीतला बेसाल्ट : नववीच्या एका वर्गाला भूविज्ञानाची ओळख करून देताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण जुन्नर तालुक्यातल्या, कुकडीच्या खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेचे आहे. शाळेचे, गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दामच दिलेले नाही. नववीची एक तुकडी, ४२ मुलेमुली, बहुतेक शेतकरी घरांतली. भूगोल शिकवणाऱ्या बाई कला शाखेच्या. खडकांशी त्यांची ओळख पदवीच्या एका पेपरापुरती. निमित्त होते ६ ऑक्टोबरचे. युनेस्कोने २०२१ साली हा दिवस आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन म्हणून जाहीर केला आणि २०२२ पासून तो पाळला जातो. मुख्याध्यापकांची अपेक्षा सरळ होती: एक व्याख्यान, एक सहल, एक प्रदर्शन. मदतीला भूविज्ञानाचे दोन जाणकार बोलावले होते.

विषय मुलांना नवा नव्हता. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येऊन गेलेले असतात, नववीत अंतर्गत हालचाली आणि बाह्यप्रक्रिया येतात. शाळेभोवतीचा प्रदेशही या विषयाला सोन्यासारखा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यांत कोरलेल्या लेण्या, शिवनेरीचे कडे, नदीकाठी बोरी इथे ज्वालामुखीय राखेचा थर आणि त्याच कुकडीवर पुढे पारनेर तालुक्यात निघोजचे रांजणखळगे. तरीही पहिला तास पार फसला.

अडचण

पहिल्या तासाला शाळेतली नमुन्यांची पेटी काढली. विज्ञान साहित्याच्या दुकानात मिळते तीच: २० कप्पे, २० दगड, प्रत्येकाखाली चिठ्ठी. ग्रॅनाइट, वालुकाश्म, शेल, संगमरवर, नाइस वगैरे. मुलांनी धडाधड नावे सांगितली. मग एका जाणकाराने दगड टेबलावर काढून त्यांची सरमिसळ केली, तेव्हा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) आणि संगमरवर सोडले तर काहीच धड ओळखता येईना. मुलांनी दगड पाठ केलेच नव्हते, कप्पे पाठ केले होते.

त्याहून मोठी अडचण पुढे आली. ‘आपल्या गावात कोणते खडक आहेत?’ या प्रश्नावर एकमुखी उत्तर आले: नुसता काळा दगड. पुस्तकातले वर्गीकरण अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित या तीन पेट्यांचे. दख्खनच्या मधोमध राहणाऱ्या मुलाला त्यातल्या दोन पेट्या घराजवळ कुठेच दिसत नाहीत. भूविविधता म्हणजे खडकांच्या जाती मोजणे, असे एकदा ठरले की सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा हा प्रदेश एका ओळीत संपतो. खरी विविधता एकेका लाव्हा-थराच्या आत आहे आणि दोन थरांच्या मधल्या जागेत आहे. ती पेटीत मावत नाही.

तोंडी विचारलेल्या प्रश्नांतून काही ठाम गैरसमजही निघाले. आपला ज्वालामुखी कोणता, तर शिवनेरी, कारण तो एकटा उभा आहे आणि वर सपाट आहे. लोणारचे सरोवर हे ज्वालामुखीचे तोंड. मुरमाच्या खाणीत सापडणारे गोल धोंडे नदीने वाहून आणलेले. गारगोट्या आकाशातून पडलेल्या. यातला शिवनेरीचा गैरसमज सर्वांत चिवट. इथला लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांमधून बाहेर आला आणि दूरवर पसरला. आजचा प्रत्येक डोंगर म्हणजे त्या पसाऱ्याची झीज होऊन उरलेला तुकडा. ‘आधी डोंगर होता, त्यातून लाव्हा आला’ हे चित्र डोक्यात पक्के असेल, तर पुढचे काहीच नीट बसत नाही.

समोरचे पर्याय

निघोजची सहल मुलांना हवी होती. रांजणखळगे बघण्यासारखे आहेतच. पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ कसा कोरला जातो, ते तिथे उघड दिसते. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला नदीत पाणी असते, वरच्या धरणांतून ते सोडलेही जाते, खळगे खोल असतात आणि त्यांच्या कडा शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात. ४२ मुले आणि तीन मोठी माणसे हे गणित तिथे बसत नव्हते.

लोणारचा विचार एका बैठकीत आला आणि तिथेच संपला. एका दिवसात जाऊन येण्याचे ते अंतर नाही, आणि उल्काघाताचे विवर समजायला आधी ज्या खडकात ते झाले तो माहीत असावा लागतो.

चालू दगडखाण परवानगीअभावी आणि सुरुंगामुळे बाद झाली, बंद खाण तुडुंब भरली होती. रस्त्याची कापणी जवळ होती, पण वळणावर होती आणि वरून सैल धोंडे लोंबत होते.

शेवटचा पर्याय भूगोलाच्या बाईंनी सुचवला: गावातल्या विहिरी. १० ते १५ मीटर खोल, उभ्या भिंतींच्या, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिवाय बहुतेक विहिरींच्या कडेला काढलेल्या डबराचा ढीग पडलेला असतो, म्हणजे खालच्या थरांचे नमुने हातात घ्यायला आयतेच मिळतात. जाणकारांना आधी हा पर्याय धोक्याचा वाटला. तो कसा सुरक्षित करायचा हे ठरवण्यातच पहिला आठवडा गेला.

निर्णय विहिरींचा झाला, पण ६ ऑक्टोबरला विहिरी जवळजवळ काठापर्यंत भरलेल्या. वरचा दीड-दोन मीटर मुरूम सोडला तर काहीच दिसेना. इथे पहिला खरा पेच पडला: दिवस साजरा करायचा की काम करायचे? मुख्याध्यापकांनी दिवसाचा हट्ट सोडला. ऑक्टोबरमध्ये शाळेच्या आवारातच तयारी करायची आणि विहिरी फेब्रुवारीत, पाणी उतरल्यावर, परीक्षेच्या आधी मोजायच्या, असे ठरले.

शाळेतले काम

सुरुवात काळाच्या दोरीने झाली. ४६ मीटर सुतळी, पृथ्वीचे वय ४६० कोटी वर्षे, म्हणजे १ मीटरला १० कोटी आणि १ मिलिमीटरला १ लाख. हे प्रमाण पाठ करायला सोपे पडते. पहिल्यांदा खुणांसाठी गाठी मारल्या आणि हिशेब बिघडला, कारण प्रत्येक गाठ सुतळीचे तीन-चार सेंटिमीटर खाते. मग कपड्यांचे चिमटे आणले. आजच्या टोकापासून ३५ मीटरवर जीवसृष्टीचे जुने पुरावे, २.३ मीटरवर पहिले डायनोसॉर, ६६ सेंटिमीटरवर दख्खनचा लाव्हा, ३ मिलिमीटरवर आपली मानवजात. दख्खनचा बहुतांश लाव्हा १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, म्हणजे अख्खा सह्याद्री दोरीच्या जेमतेम एका सेंटिमीटरात. बोरीच्या राखेला चिमटा लावताना वाद रंगला. काही अभ्यासक ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात, काही टोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. दोरीवर हा फरक एका मिलिमीटरच्या आत की आठ मिलिमीटरवर, एवढाच. शास्त्रज्ञांचे एकमत नाही हे मुलांना या एका चिमट्याने जितके पटले, तितके सांगून पटले नसते.

दुसरा टप्पा दगड हाताळण्याचा. मुलांनी घरून प्रत्येकी एक दगड आणला. तांबूस, पिवळट, करडे, काळे असे दिसणारे दगड त्यांनी सात प्रकारांत लावले. मग बाईंनी त्यातले चार फोडले. दगड गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून, मुले पाच पावले मागे. सुताराची हातोडी वापरायची नाही, तिच्या पोलादाचा टवका उडतो. गवंड्याची किंवा भूवैज्ञानिकाची हातोडी हवी. फुटलेल्या चारांपैकी तीन दगड आतून सारखेच काळे निघाले, बाहेर फक्त गंजाच्या रंगाची साल. सातांचे तीन प्रकार झाले: भरीव काळा, रिकाम्या छिद्रांचा आणि पांढऱ्या दाण्यांनी भरलेल्या छिद्रांचा. छिद्रे वायूच्या बुडबुड्यांची, ती लाव्हा गोठताना अडकली. पांढरे दाणे नंतरचे, खडकातून फिरणाऱ्या पाण्याने भरलेले. ‘आधी काय, नंतर काय’ हा प्रश्न इथून पुढे प्रत्येक तासाला विचारला गेला.

पांढऱ्या खनिजांसाठी तीन चाचण्या पुरल्या. लोखंडी खिळ्याने ओरखडा पडतो का? काचेवर ओरखडा उठतो का? आम्ल टाकल्यावर फसफसते का? गारगोटी किंवा कॅल्सेडनी काचेवर ओरखडा काढते आणि खिळ्याला दाद देत नाही (१ ते १० या मोजपट्टीवर कठिणता ७ च्या आसपास). कॅल्साइट (३) सहज खरवडते आणि फसफसते. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट (३.५ ते ४) खरवडतात पण फसफसत नाहीत. अॅपोफिलाइट (४.५ ते ५) जरा जोर लावल्यावर. स्कोलेसाइटच्या सुया ५ च्या पुढे जातात आणि खिळ्याशी बरोबरी करतात, शिवाय सुया मोडल्या की मुलांना ते खरवडल्यासारखे वाटते. तो नमुना या चाचणीतून वगळलेला बरा. आम्ल म्हणून घरचे व्हिनेगर वापरले. त्याने अखंड कॅल्साइट फारसे फसफसत नाही. आधी खिळ्याने खरवडून भुकटी करायची, त्यावर थेंब टाकायचा आणि दहापट भिंगातून बघायचे. शौचालय साफ करायचे आम्ल कुणीही आणायचे नाही, हे वेगळे सांगावे लागले.

सर्वांत गर्दी खेचली ती स्टिल्बाइट तापवण्याने. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा परीक्षानळीत, स्पिरिटच्या दिव्यावर. मिनिटभरात नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. दगडातून पाणी आले! तुकडा मोठा घेतला तर तडकून उडतो, म्हणून हे शिक्षकानेच करायचे आणि नळीचे तोंड वर्गाकडे ठेवायचे नाही.

घनता मोजायला काट्याचा स्प्रिंग-ताजवा वापरला. हवेत ५८० ग्रॅम, पाण्यात बुडवून ३८० ग्रॅम, फरक २००, म्हणून घनता २.९. भरीव बेसाल्टला हे छान जमते. सच्छिद्र दगड मात्र बुडबुडे सोडत राहतो आणि आकडा सरकत राहतो. तो आदल्या रात्री भिजत घालावा, नाहीतर त्या गटाला वाटते की आपलाच काटा बिघडलाय.

मधला पेच : गारगोट्यांचे वेड

दिवाळीनंतर मुले पिशव्या भरभरून स्फटिक आणू लागली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले झिओलाइट (स्टिल्बाइटसारखी, पाणी धरून ठेवणारी खनिजे) जगभर जातात, वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटला तर संग्राहकांत मोठी मागणी आहे. त्याचा सुगावा लागल्यावर दोघांनी नमुने विकायचा घाट घातला. एका शेतकऱ्याने शाळेत येऊन गाऱ्हाणे मांडले, पोरांनी विहिरीच्या कडेचा दगड ठोकून सैल केला होता.

गोळा करण्यावर सरसकट बंदी हा एक पर्याय होता. तो सोपा होता, पण त्याने हाताळण्याची गोडीच गेली असती. दुसरा, ‘प्रत्येकाचा संग्रह’, म्हणजे स्पर्धा आणि आणखी हातोड्या. शेवटी वर्गाची एकच पेटी ठेवली. नियम चार: फक्त सुटा पडलेला दगड. मालकाला विचारून. हातोडी नाही. जागा, खोली आणि तारीख वहीत लिहिल्याशिवाय दगड पेटीत जाणार नाही. चौथ्या नियमाने जादू केली. ‘कुठून आणला?’ याचे उत्तर नसलेले सुंदर नमुनेही बाहेरच राहिले, आणि मुले कुरूप पण नोंद असलेले दगड आणू लागली. बोरीच्या राखेला मात्र कुणी हात लावायचा नाही असे ठरले. मऊ थर आहे, मूठमूठ नेला तरी संपेल.

विहिरींवरचे काम

फेब्रुवारीत सहा विहिरी निवडल्या. निकष: कमरेएवढा पक्का कठडा, मालकाची परवानगी, काठावर आग्या मोहोळ नाही. वेळ सकाळी १० ते १. उसाच्या फडांत बिबट्या असतो, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी कुणालाच नेले नाही. कठड्यापासून दोन मीटरवर चुन्याची रेघ. रेघेच्या आत एका वेळी दोनच मुले, सोबत एक मोठा माणूस.

मोजण्याची पद्धत साधी ठेवली. दर अर्ध्या मीटरला लाल चिंधी बांधलेला, खाली वजन लावलेला दोर विहिरीच्या भिंतीलगत सोडायचा. समोरच्या कठड्यावरून बांबूला बांधलेल्या मोबाइलने फोटो घ्यायचा. वरून घेतलेल्या फोटोत खालचे थर आखूड दिसतात, पण चिंध्या भिंतीलाच टेकलेल्या असल्याने खोली चिंध्यांवरून वाचता येते. मग तक्ता: खोली, रंग, छिद्रे आहेत की नाहीत, रिकामी की भरलेली, भेगा उभ्या की आडव्या, ओल कुठे.

पहिल्या विहिरीवर गावातले एक म्हातारे विहीर-कारागीर आले, यारीवर (विहिरीतला दगड वर ओढायच्या यंत्रावर) आयुष्य काढलेले. त्यांच्या शब्दांत थर असे लागतात: माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, तांबडा. मांजऱ्या म्हणजे तोच छिद्रे भरलेला बेसाल्ट, काहीसा मऊ, त्यात पाणी मिळते. तांबडा म्हणजे दोन लाव्हा-थरांमधला लाल मातकट पट्टा, तो हवा लागली की ढासळतो, म्हणून तिथे बांधकाम करावेच लागते. मुलांनी तक्त्यात त्यांचेच शब्द लिहिले, शास्त्रीय नावे शेजारच्या रकान्यात. ही अदलाबदल त्या प्रकल्पातला सर्वांत चांगला निर्णय, असे आमचे मत आहे.

लाव्हा-थराची घडण मुलांना इथे दिसली. वरचा भाग छिद्रांनी भरलेला, दुधावर साय धरावी तशी आधी गोठलेली कवची. मधला भाग भरीव, उभ्या भेगांचा. तळाशी पुन्हा थोडी छिद्रे, कधी उभ्या नळ्यांसारखी. थराच्या माथ्यावर लाल पट्टा असेल, तर पुढचा लाव्हा येण्याआधी काही काळ गेला, तेवढ्यात खडक कुजला, माती झाली. शिवनेरीच्या कड्यांच्या पायऱ्याही मग वाचता आल्या: भरीव भागाचा कडा, सच्छिद्र भागाचा उतार. एक पायरी म्हणजे एकच थर असे समीकरण मात्र मांडू दिले नाही. इथले कितीतरी थर लहान लहान पदरांचे बनलेले असतात.

काय निघाले

सहा विहिरींचे उभे छेद एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावले आणि लाल पट्टा कुठेच जुळेना. एकीत ४ मीटरवर, दुसरीत साडेसातवर. कारण लवकरच कळले: खोल्या प्रत्येक विहिरीच्या काठापासून मोजलेल्या आणि जमीन उताराची. एका गटाने मोबाइलच्या जीपीएसवरून उंची काढली. तिच्यात कित्येक मीटरचा फरक पडतो, आणि पट्टा होता अर्ध्या मीटरचा. मग गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी आणली आणि टप्प्याटप्प्याने काठांची पातळी जोडत नेली. नळीत बुडबुडा राहिला की पातळी चुकते, हे दोनदा काम करून उमगले. त्यानंतर चार विहिरींतला पट्टा जवळजवळ एका पातळीत आला. दोन विहिरींत तो नव्हताच.

प्रदर्शन चार दिवसांवर होते. सहाही विहिरींतून एक सलग लाल रेघ ओढावी, चित्र पूर्ण दिसेल, असा आग्रह झाला. बाईंनी नकार दिला. चार विहिरींमध्ये सलग रेघ, उरलेल्या दोन्हींकडे तुटक रेघ आणि प्रश्नचिन्ह. असे पट्टे सगळीकडे सलग नसतात, शिवाय त्या दोन विहिरी मुळात कमी खोल होत्या, पट्टा त्यांच्या तळाखालीही असू शकतो. पाहुण्यांनी सगळ्यांत जास्त प्रश्न त्या प्रश्नचिन्हांबद्दलच विचारले आणि मुलांना उत्तरे देता आली.

पहिल्या तासाच्या पेटीतल्या दगडांची सरमिसळ पुन्हा केली, तेव्हा वालुकाश्म आणि शेलमध्ये गोंधळ कायम होता. त्यावर काम झालेच नव्हते. शिवनेरी ज्वालामुखी आहे, असे मात्र फार थोड्यांनी म्हटले. लोणारचा गैरसमज तसाच राहिला.

वेगळे काय करता येईल

पातळी आधी, खोली नंतर. सहाही काठांची पातळी पहिल्याच दिवशी जोडली असती तर दोन दिवस वाचले असते.

गारगोट्यांचे नियम दिवाळीनंतर नव्हे, पहिल्या भिंगाबरोबर द्यायला हवे होते. मालकाची परवानगीही तोंडी न घेता वहीत सहीने घ्यावी. तक्रार आलेल्या शेतकऱ्याची विहीर सहांपैकी सर्वांत खोल होती आणि ती मिळवायला मुख्याध्यापकांना दोनदा त्याच्या घरी जावे लागले.

गटात सात मुले जास्त होतात. दोर एक धरतो, एक वाचतो, एक लिहितो, एक फोटो काढतो, उरलेले तीन विहिरीत खडे टाकतात. चारचे गट आणि उरलेल्यांना डबराच्या ढिगावर वर्गीकरण, असे दोन फेऱ्यांत काम बसवता येते.

लिहिण्याचे काम मुलींकडे आणि दोराचे मुलांकडे आपसूक गेले. तिसऱ्या विहिरीपासून कामे चिठ्ठ्या टाकून वाटली. ते पहिल्यापासूनच करावे.

मुरमातल्या गोल धोंड्यांसाठी वेगळा तास हवा होता. भेगांनी चौकोनी तुकडे झालेल्या बेसाल्टच्या कडा आधी कुजतात, सालीवर साल सुटते आणि आत गोल गाभा उरतो. शाळेमागच्या मुरमाच्या टेकाडात तो सुरीने साली काढून दाखवता आला असता. नदीतला गोटा शेजारी ठेवला की फरक कळतो: एकावर साली, दुसरा गुळगुळीत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर इथला भूशास्त्रीय नकाशा फुकट बघता येतो. तो शेवटी दाखवला, ते योग्यच झाले. आधी दाखवला असता तर सगळा तालुका एकाच रंगात बघून ‘नुसता काळा दगड’ हेच पक्के झाले असते. पुढच्या तुकडीसाठी बाईंनी सातवी विहीर हेरून ठेवली आहे, त्या दोन प्रश्नचिन्हांच्या मधली, १८ मीटर खोल.